ग्रंथालयाचे दार आणि गावाची आठवण

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयीन ग्रंथपाल, प्राध्यापक आणि कार्यकर्ते यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या बैठकीत बहुसंख्य मंडळी महाविद्यालयांचे ग्रंथपाल आहेत, काही प्राध्यापक आहेत, आणि मागच्या बाकांवर आमच्यासारखे चळवळीतले कार्यकर्ते बसले आहेत. ग्रंथालयशास्त्र मी शिकलेलो नाही. ग्रंथपालांना चार गोष्टी सांगण्याचा माझा अधिकार एवढाच, की मी आयुष्यभर ग्रंथालयांचा वाचक आहे, आणि त्यातही अनेकदा दाराबाहेर थांबविला गेलेला वाचक आहे. ‘आपण येथील विद्यार्थी आहात काय? प्राध्यापक आहात काय? नसाल तर क्षमा असावी’, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की आजचे बोलणे तेथूनच सुरू करणे प्रामाणिकपणाचे होईल.

आपण ज्या मुलखात बसलो आहोत, त्याचा एक इतिहास ग्रंथालयांशी निगडित आहे. पण तो फारसा कोणी सांगत नाही. १९४२ च्या सप्टेंबरात तासगाव, वडूज आणि इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. वडूज आणि इस्लामपूर येथे गोळीबार झाला, माणसे मेली. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली आणि १९४३ पासून १९४६ पर्यंत या जिल्ह्यात प्रतिसरकार चालले. क्रांतिसिंह नाना पाटील, तुफान सेना, पत्री, खजिन्यावरील हल्ले, या गोष्टी शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतात. पण याच प्रतिसरकारने न्यायदान मंडळे चालविली, बडेजाव टाळून सर्व जातींच्या पंगतीत गांधीपद्धतीची लग्ने लावली, दारूबंदी अमलात आणली आणि गावोगावी ग्रंथालये उघडली, हे किती जणांना आठवते? डोक्यावर इनाम लावलेले, रात्री उसाच्या फडात झोपणारे कार्यकर्ते गावात पुस्तकांचे कपाट असावे म्हणून धडपडत होते. त्या कपाटाला कोणी विद्यार्थ्याचे ओळखपत्र विचारीत नव्हते. गावातला कोणीही वाचू शकत होता. ज्याला वाचता येत नव्हते त्याला वाचून दाखविले जात होते. आपल्या आजच्या ग्रंथालयांचे मोजमाप करावयाचे तर ते त्या कपाटाशी करावे, असे मला वाटते.

आता प्रश्न असा, की या प्रतिसरकारचा लेखी पुरावा कोठे आहे? भूमिगत चळवळ इतिवृत्ते लिहून ठेवीत नाही. हजेरीपट ठेवला तर तो उद्या पोलिसांच्या हाती लागतो. चिठ्ठी वाचून जाळावयाची, निरोप तोंडी द्यावयाचा, हीच शिस्त होती. त्यामुळे त्या काळचा जो कागद शिल्लक आहे, त्यातील मोठा भाग सरकारी आहे: पोलिसांचे अहवाल, कलेक्टरचे खलिते, न्यायालयांचे निकाल. चळवळ ज्यांनी केली त्यांचा कागद नाही, आणि ती ज्यांनी मोडून काढावयाची होती त्यांचा कागद आहे. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ कर्मचाऱ्यांचे पगार घेऊन जाणारी गाडी तुफान सेनेने अडविली. सरकारच्या दृष्टीने हा दरोडा होता. त्यात पुढे असलेले कुंडलचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, हे मात्र ती लूट होती हे अखेरपर्यंत मान्य करीत नसत. ब्रिटिशांनी लोकांचा चोरलेला पैसा आम्ही परत आणला, असे त्यांचे म्हणणे असे. एकाच घटनेचे हे दोन शब्द आहेत. पहिला शब्द कागदावर टिकला. दुसरा माणसाच्या तोंडी होता. तो कोणी टिपून ठेवला तरच टिकणार होता.

सुदैवाने कॅप्टन भाऊंचे बोलणे टिपले गेले. पी. साईनाथ आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ च्या अखेरीस उभ्या केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहाने ते ध्वनिचित्रित केले आणि कोणतेही शुल्क न घेता जगापुढे ठेवले. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील यांचेही कथन तेथे आहे. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या भांडणाचे सोंग उभे करून त्यांनी शिपायांचे लक्ष कसे वेधून घेतले आणि तेवढ्या वेळात साथीदारांनी शस्त्रे कशी पळविली, ते त्या सांगतात. हौसाताई २०२१ साली गेल्या, कॅप्टन भाऊ २०२२ साली गेले. त्यापूर्वी २०११ मध्ये जी. डी. बापू लाड आणि २०१२ मध्ये नागनाथअण्णा नायकवडी गेले होते. १९४३ साली जो तरुण वीस वर्षांचा होता, त्याने आज शंभरी ओलांडली असती. म्हणजे ही पिढी आता जवळजवळ संपली, हे स्वच्छ शब्दांत मान्य केले पाहिजे.

येथे माझे दुःख सांगतो. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी जुनी नियतकालिके पाहावयास गेलो होतो. तेथील एका सज्जन कर्मचाऱ्याने एक लोखंडी कपाट उघडून दाखविले. खालच्या कप्प्यात बुटांच्या खोक्यात चाळीसएक ध्वनिफिती होत्या. कोणा प्राध्यापकाने सेवाकाळात हौसेने केलेल्या त्या मुलाखती होत्या. प्राध्यापक निवृत्त होऊन वारलेही होते. फितींवर पांढरी बुरशी चढली होती. एका फितीवर शाईने लिहिले होते: ‘अण्णा – मुलाखत – २’. कोणते अण्णा? पहिली मुलाखत कोठे? केव्हा घेतली, कोणत्या गावी? काहीच नाही. या भागात दर दहा घरांमागे एक अण्णा आहे. ती फीत मी हातात घेऊन बराच वेळ उभा होतो. त्या माणसाने काय सांगितले असेल, ते आता बहुधा कोणालाच कळणार नाही. या प्रकारात दोष एकट्या माणसाचा नाही. ध्वनिफितीला दाखलांक नाही, म्हणून ती ग्रंथालयाची मालमत्ता नाही. मालमत्ता नाही म्हणून तिची निगा राखणे हे कोणाचेही काम नाही. पुस्तक हरवले तर ग्रंथपालाला जाब द्यावा लागतो. माणसाचा आवाज हरवला तर कोणीच विचारीत नाही.

यावर काही विद्वान म्हणतात, की म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींवर इतिहास कसा लिहावयाचा? ते तारखा चुकतात, नावे चुकतात, स्वतःची बढाई मारतात. हे खरे आहे. पण इटलीतील तेर्नी या पोलाद-कामगारांच्या गावचे उदाहरण पाहा. तेथे लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार १९४९ साली नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनात पोलिसांच्या हातून मारला गेला. इतिहासकार आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी पुढे कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा पुष्कळांनी तो मृत्यू १९५३ सालचा, कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यातला म्हणून सांगितला. पोर्तेल्ली यांनी ही चूक फेकून दिली नाही. आपला साथी मारला गेला आणि आपण काहीच करू शकलो नाही, ही बोच कामगारांच्या मनाला सहन झाली नाही. म्हणून त्यांच्या स्मृतीने तो मृत्यू पुढच्या, मोठ्या लढ्यात नेऊन ठेवला, असे त्यांनी दाखविले. घटना काय घडली ते कागद सांगेल. ती लोकांच्या मनात कशी राहिली ते माणूसच सांगेल. दोन्ही शेजारी ठेवून पाहणे हा इतिहासकाराचा धर्म, आणि दोन्ही शेजारी ठेवता येतील अशी सोय करणे हा ग्रंथालयाचा धर्म.

पण माणसाचे बोलणे टिपावयाचे म्हटले, की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: कोणत्या माणसाचे? येथे आपण कार्यकर्त्यांनीही आत्मपरीक्षण केले पाहिजे. आपण मुलाखती घेतल्या त्या पुढाऱ्यांच्या. ज्या घरी भूमिगत मंडळी रात्री-अपरात्री जेवली, त्या घरच्या भाकऱ्या थापणाऱ्या बाईला कोणी विचारले? पुढाऱ्याला दडवून ठेवणाऱ्या महारवाड्यातील, मांगवाड्यातील, रामोशी वस्तीवरील माणसांना कोणी विचारले? ज्यांना पत्री मारली गेली, त्यांच्यापैकी सारेच गुन्हेगार होते काय, की कोठे गावकीचे वैरही त्यात मिसळले होते, हे त्यांच्या घरच्यांना विचारण्याचे धैर्य आपण दाखविले काय? आपल्या चळवळीवर आपले प्रेम आहे. पण प्रेम आहे म्हणून गैरसोयीचा साक्षीदार वगळावयाचा, तर मग पोलिसांच्या कागदात आणि आपल्या कागदात फरक काय राहिला?

साताऱ्याच्या एका शाळेचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. ती नोंदवही शाळेने जपली, म्हणून तो दिवस आज आपणास ठाऊक आहे, आणि २०१७ पासून महाराष्ट्रात तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. एका साध्या नोंदवहीची निगा राखल्याचे हे फळ आहे. पण अस्पृश्य मुलाला वर्गात वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे, हे कोणत्या नोंदवहीत आहे? ते बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहिले, म्हणून आपण जाणतो. त्यांच्यासारखी लेखणी ज्यांच्या हाती आली नाही, अशा हजारो मुलांचे काय? नोंदवही प्रवेशाची तारीख सांगते. वर्गात काय सोसावे लागले ते सांगत नाही.

विविधता म्हणून जिचा उल्लेख होतो, ती ग्रंथालयात येते कशी? नुसते ‘सर्वांना प्रवेश’ असे पाटीवर लिहून येत नाही. ड्यूई यांची दशांश वर्गीकरण पद्धती १८७६ साली निघाली. तिच्यात धर्म या वर्गातील बहुतेक आकडे ख्रिस्ती धर्माला मिळाले आणि जगातील बाकीचे धर्म शेवटच्या दहा आकड्यांत कोंबले गेले. ड्यूई यांनी हे दुष्टाव्याने केले असे नव्हे. त्यांच्या ग्रंथालयात जी पुस्तके होती त्यांच्यावरून त्यांनी जगाचा नकाशा काढला. आपणही तेच करतो. पाठ्यपुस्तकांच्या आणि मार्गदर्शिकांच्या प्रती मागणीप्रमाणे येतात. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे यांचे समग्र लेखन, आटपाडीच्या शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ ही पुस्तके मात्र अभ्यासक्रमात असली तर येतात, आणि अभ्यासक्रम बदलला की मागच्या कपाटात जातात. ही माणसे आपल्याच मातीतली. त्यांच्या भावकीतली, वस्तीतली मुले आज आपल्या महाविद्यालयांत शिकत आहेत. त्यांना आपल्या आजोबांचे जग ग्रंथालयात दिसत नसेल, तर ती मुले तेथे केवळ परीक्षेपुरती येणार, यात नवल ते काय?

कर्मवीर भाऊरावांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढून सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीस बसविली. त्या परंपरेतील वसतिगृहांत राहून, शेतात काम करून शिकलेली पहिली पिढी आज वार्धक्यात आहे. तिच्या आठवणी हाही इतिहासच आहे, आणि तो महाविद्यालयाच्या आवारातच सापडेल. स्वयंपाकघरातील मावशी, तीस वर्षे घंटा देणारा शिपाई, गावातून पायी येणारी पहिली मुलगी, यांना विचारा. आवाराच्या बाहेर पाऊल टाकलेत, तर १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाया अजून भेटतील. कोयनेच्या धरणात गाव बुडाले तेव्हा आईचे बोट धरून निघालेली मुले भेटतील. त्यांतील कित्येकांच्या घरचा पुनर्वसनाचा प्रश्न अजून मिटलेला नाही. येरळेवर बळीराजा स्मृती धरणासाठी राबलेले शेतकरी भेटतील. प्रतिसरकारच्या पिढीच्या बाबतीत आपणास उशीर झाला. या पिढीच्या बाबतीत अजून झालेला नाही.

आता दाराविषयी. ग्रंथालयशास्त्रात ‘मुक्तद्वार पद्धती’ असा एक सुंदर शब्द आहे. वाचकाने खिडकीपाशी चिठ्ठी देऊन वाट पाहावयाची नाही. त्याने स्वतः कपाटांपर्यंत जावे आणि पुस्तक हाताळावे. पुस्तके उपयोगासाठी आहेत, हा रंगनाथनांचा १९३१ सालचा पहिला नियम. आज हाच प्रश्न ज्ञानाच्या बाजारात उभा आहे. सार्वजनिक पैशातून संशोधन होते. संशोधक ते नियतकालिकाला फुकट देतो. दुसरे संशोधक ते फुकट तपासतात. आणि प्रकाशक तेच संशोधन ग्रंथालयाला अवाच्या सवा किमतीस विकतो. याविरुद्ध २००२ साली बुडापेस्ट येथून मुक्तद्वार प्रकाशनाचा जाहीरनामा निघाला. आपल्या देशात विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांन्वये पीएच.डी.चे प्रबंध संगणकीय रूपात खुले करण्याचा दंडक घातला आणि ‘शोधगंगा’ उभी राहिली. शिवाजी विद्यापीठाचे प्रबंध आज तेथे कोणालाही वाचता येतात. हे मोठे काम झाले.

याउलट, नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांत सुमारे ६,००० कोटी रुपये तीस प्रकाशकांच्या नियतकालिकांसाठी दिले जाणार आहेत. विद्यार्थ्याला वाचावयास मिळते, ही गोष्ट चांगलीच. पण मंजूर झालेली योजना केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. आपल्या दोन जिल्ह्यांतील बहुसंख्य महाविद्यालये शिक्षणसंस्थांनी चालविलेली आहेत. आणि विट्याचा शेतकरी, माणचा शिक्षक, सांगलीचा हळद-हमाल हे तर कोणत्याच यादीत नाहीत. वर्गणी भरून दार उघडणे निराळे आणि दार काढूनच टाकणे निराळे. समाजवाद्यांनी दुसऱ्या मार्गाचा आग्रह धरला पाहिजे.

परंतु, मित्रहो, मुक्तद्वाराचा हा आग्रह माणसांच्या आठवणींना जसाच्या तसा लावता येणार नाही. प्रबंध लिहिणारा जगापुढे ठेवण्यासाठीच लिहितो. ओसरीवर बसून बोलणारी म्हातारी जगाशी बोलत नसते. समोरच्या मुलाशी बोलत असते. ती एखाद्याचे नाव घेऊन काही सांगेल, ज्याची नातवंडे त्याच गल्लीत राहतात. ती स्वतःवरच्या अत्याचाराविषयी बोलेल आणि नंतर तिला पश्चात्ताप होईल. अमेरिकेतील बॉस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडमधील लढवय्यांच्या मुलाखती ‘तुमच्या हयातीत उघड करणार नाही’ अशा वचनावर घेतल्या. २०११ साली त्या मिळविण्यासाठी न्यायालयामार्फत मागणी आली आणि ते वचन पाळता आले नाही. यास्तव पाळता येणार नाही असे वचन देऊ नये, आणि दिलेले मोडू नये. बोलणाऱ्याला तिच्या भाषेत समजावून सांगावे: हे कोठे राहील, कोण ऐकेल. कोणता भाग दहा वर्षे मिटून ठेवावयाचा, हे तिला ठरवू द्यावे. आणि पहिली प्रत तिच्या घरी पोचवावी. गावाकडून घ्यावयाचे आणि गावाला काहीच परत द्यावयाचे नाही, ही सावकारी झाली. आणि सावकारीविरुद्ध तर या मुलखाने हत्यार उचलले होते.

शेवटी काही मागण्या करतो. त्यांतील एकीलाही मोठे अनुदान लागत नाही.

पहिली: आपल्या ग्रंथालयातील सर्व ध्वनिफिती, हस्तलिखिते, स्मरणिका, वसतिगृहांच्या वह्या यांना दाखलांक द्या. ज्याला दाखलांक मिळतो, ते जगते. नाव, गाव, तारीख, मुलाखत घेणारा, एवढ्या चार ओळी प्रत्येक मुलाखतीवर लिहा, म्हणजे पुन्हा कोणी ‘अण्णा – २’ म्हणून नाहीसा होणार नाही.

दुसरी: फिती संगणकावर उतरवून घ्या आणि तीन प्रती तीन ठिकाणी ठेवा. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेने आपल्याला काय दाखविले ते विसरू नका. २०१९ च्या महापुरात सांगलीतील ग्रंथसंपदा चिखलात गेली. एक प्रत सांगलीत असेल, तर दुसरी साताऱ्याच्या चढावर असू द्या.

तिसरी: दोन्ही जिल्ह्यांची मिळून एकच सूची करा. १९४९ पूर्वी सातारा हा एकच जिल्हा होता. मग दक्षिण सातारा निघाला आणि १९६० मध्ये त्याचा सांगली झाला. कुंडल तर तेव्हा औंध संस्थानात होते. शासनाने सीमा आखल्या. आठवणींनी त्या का पाळाव्यात?

चौथी: ‘कमवा व शिका’ योजनेतील मुलामुलींना मुलाखती घेण्याचे आणि त्या शब्दशः उतरविण्याचे काम द्या आणि त्याची मजुरी द्या. माणदेशी बोली, वाळव्याची बोली ती मुलेच बिनचूक उतरवतील. प्रमाणभाषेत सुधारून लिहू नका.

पाचवी: आठवड्यातून एक दिवस तरी ग्रंथालयाचे दार गावाला उघडा. ओळखपत्र मागू नका. फक्त नाव लिहून घ्या.

कार्यकर्त्यांनाही एक सांगणे आहे. ग्रंथपालांवर भार टाकून आपण मोकळे होऊ नये. गावातली माणसे आपण ओळखतो. त्यांचा विश्वास आपल्यावर आहे. या महिन्यात प्रत्येकाने एका वृद्ध माणसाकडे, आणि शक्यतो वृद्ध स्त्रीकडे, एका विद्यार्थ्याला घेऊन जावे. भाषण करू नये. ‘तुम्ही तेव्हा काय करीत होता?’ एवढे विचारावे आणि गप्प बसावे.

गप्प बसणे आपणास कठीण जाते, हे मी जाणतो. मीही आता तेच करतो.